कोपऱ्यावर बोलायचं राहिलं

आमच्या शाळेत साहेब येणार म्हटलं की झाडणं, सारवणं, फळे पुसणं हे सगळं व्हायचंच, पण खरी तयारी वेगळीच असायची. साहेब परत निघाले की त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला कोण जाणार, हे आधी ठरवावं लागे. ते ठरलं की मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, रात्री झोप लागायची.

मी शिवाजी पेठेतल्या मुलींच्या शाळेत लागले तेव्हा संस्थान अजून होतं. शाळा म्हणजे तालमीच्या शेजारचं भाड्याचं घर. पहिली ते सातवीचे वर्ग, मागं परस, पुढं अरुंद बोळ, आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना दूधवाल्यांच्या म्हशी बांधलेल्या. टांग्याचं घोडं त्या म्हशी बघून बुजायचं, त्यामुळं कुठलाही टांगेवाला आत शिरत नसे. शाळाखात्याच्या साहेबांचा टांगासुद्धा कोपऱ्यावरच उभा राही. साहेब एका हातानं धोतराचा सोगा सांभाळत, शेण चुकवत चालत यायचे आणि तसेच चालत जायचे.

शाळेत बसून जे बोलणं व्हायचं ते सगळं गोडगोड. मुली कविता म्हणायच्या, साहेब माना डोलवायचे, मोठ्या बाई ‘आपली कृपा’ म्हणायच्या. काही मागायचं नाही, काही नाकारायचं तर मुळीच नाही. दारात आलेल्या माणसापुढं रडगाणं गाणं पेठेत कमीपणाचं समजत. मग चहा व्हायचा, पानसुपारी व्हायची, साहेब उठायचे आणि पेठेतलं एखादं जाणतं माणूस त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जायचं. तेवढ्या वाटेत खरं ते बोलून व्हायचं. परसाची भिंत पडायला आलीय, हे मोठ्या बाईंनी कधी तोंडातून काढलं नाही. ते कोपऱ्यावर कुणीतरी सांगितलं आणि पावसाळ्याच्या आत गवंडी आले. 

त्या दिवसांची आरती ओवाळावी असं मला वाटत नाही. कोपऱ्यावर चांगलं व्हायचं तसं वाईटही व्हायचं. माझ्याआधीच्या एका बाईंची नोकरी कोपऱ्यावरच्या एका वाक्यानं गेली होती, आणि त्या वाक्यात खरं किती होतं हे त्यांना कुणी विचारलं नाही. शिवाय बायकांनी पोचवायला जायची पद्धत नव्हती. आम्ही दारात उभ्या राहून पाठमोरी डोकी बघायचो आणि काय चाललं असेल त्याचा अंदाज बांधायचो. पण पद्धत होती आणि सगळ्यांना ती ठाऊक होती.

मग संस्थान विलीन झालं. कोल्हापूर मुंबई राज्यात गेलं, जुने साहेब पेन्शनीत निघाले आणि त्यांच्या जागी पुण्याकडचे एक नवे साहेब आले. शर्टपँट, जाड काचांचा चष्मा, बोलणं स्वच्छ. माणूस खरोखर चांगला होता, हे मी आत्ताच सांगून टाकते. तो वाईट असता तर त्याच्यावर खापर फोडून मी केव्हाच मोकळी झाले असते.

आमच्या शाळेत तेव्हा एका दूधवाल्याची मुलगी होती, सहावीत. पहाटे म्हशींचं शेण काढून, दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांना दूध घालून ती शाळेत यायची. वेणीला कधी कधी गवताची काडी अडकलेली असे. वाचनाची तिला भूक होती. शाळेच्या कपाटातली पुस्तकं संपली तेव्हा मी माझ्या घरची देऊ लागले. तिचा बाप आडदांड, तालमीत तयार झालेला, आवाज असा की बोळाच्या एका टोकाला बोलला तर दुसऱ्या टोकाची म्हैस कान टवकारायची.

“बाई, ही म्हशीपाशी बसून मोठ्यानं वाचती,” तो मला एकदा म्हणाला. “म्हशीला कविता पाठ झाल्याती. हिला बी झाल्याती का तेवढं बघा.”

“हिला सातवी करू द्या,” मी म्हटलं. “फायनल पास झाली तर ट्रेनिंगला जाईल. माझ्यासारखी शिक्षिका होईल.”

त्यानं मुलीकडं बघितलं. “म्हंजे हिला लोकं बाई म्हणणार?”

“म्हणणार.”

“मग हुं द्या की सातवी,” तो म्हणाला. त्या दिवसापासून मला त्याच्या घरचं दूध मापापेक्षा जास्तच मिळत गेलं.

नव्या साहेबांनी सगळ्या शाळा हिंडून पाहिल्या आणि एक योजना काढली. पेठापेठांतल्या मुलींच्या शाळांचे पाचवी ते सातवीचे वर्ग बंद करायचे आणि स्टेशनच्या वाटेवर एका मोठ्या इमारतीत एकत्र भरवायचे. तिथं प्रत्येक वर्गाला वेगळी खोली, विज्ञानाचं सामान, ट्रेनिंग झालेल्या शिक्षिका, खेळायला पटांगण. कागदावर खोड काढायला जागा नव्हती. फक्त पेठेतून तिथं जायचं तर बिंदू चौक ओलांडून लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं जावं लागे आणि वाटेत सिनेमाची थेटरं लागत.

साहेबांनी आम्हां शिक्षिकांना बोलावून सगळं समजावलं. “तुमचं मत मोकळेपणानं सांगा,” असं ते म्हणाले आणि खरंच थांबले. आम्ही सगळ्या खाली बघत बसलो. जुन्या साहेबांना या खाली बघण्याचा अर्थ त्याच क्षणी कळला असता. नव्या साहेबांनी आम्हांला धन्यवाद दिले.

“पालकांशीही मी स्वतः बोलणार आहे,” ते म्हणाले. “तुमच्या पेठेत सभा बोलवा. लोकांना नको असेल तर मी हे करणार नाही.”

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. धावतच मी दूधवाल्याकडं गेले. तो धार काढत होता. मी सगळं सांगितलं तसा तो उठून उभा राहिला.

“पोरगी बाजारातनं जायाची न्हाय,” तो म्हणाला. “त्यात इच्चार न्हाय. हितंच शाळा राहील तर शिकंल, न्हायतर बसंल घरात.”

“मग साहेबांना तसं सांगा. ते विचारायलाच येतायत.”

“सांगतो की. भितोय व्हय मी कुणाला?”

मुलगी बादली धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. आबांनी सांगतो म्हटलं म्हणजे झालंच, असं ते हसू होतं. मलाही तसंच वाटलं.

सभा बोलवा असं साहेबांनी सांगितलं होतं. पेठेनं सत्कार ठरवला. यात कुणाला काही चुकतंय असं वाटलं नाही, कारण ज्याच्याकडून काही हवं त्याला आधी मान द्यायचा, पोटभर जेवू घालायचं, ही पेठेची बोलायची रीतच होती. त्यानं मान घेतला, अन्न खाल्लं म्हणजे त्यानं आपलं ऐकायचं कबूल केलं. मटणाचा बेत ठरला होता, पण साहेब शाकाहारी निघाले, तेव्हा पुरणपोळी आणि कटाची आमटी झाली. तालमीतल्या पैलवानांनी तोंडं वाकडी करून ती खाल्ली. दूधवाला सगळ्यात पुढं होता. मांडव त्यानं घातला, हलगीवाले त्यानं आणले, फेटाही तोच बांधणार होता.

आणि त्यानं आणखी एक गोष्ट केली. सायबाची जीप हाय, सायबानं शेणातनं चालत यायचं व्हय, असं म्हणून त्यानं बोळातल्या सगळ्या म्हशी त्या दिवशी रंकाळ्याकडं हलवल्या. बोळ धुतला, बायकांनी रांगोळ्या घातल्या. त्या बोळात आजवर कुणाचंच वाहन आलं नव्हतं. साहेबांची जीप थेट शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि पेठेला कोण आनंद झाला. मीही तोंड भरून हसत होते.

आम्ही बायका मांडवात एका बाजूला बसलो होतो. साहेब बोलायला उठले. डोक्यावर गुलाबी फेटा, आणि तो त्यांना शोभतही होता. त्यांनी योजना नीट, सोप्या शब्दांत सांगितली. मुलींना काय काय मिळेल ते सांगितलं. मग म्हणाले, “तुमच्या मनात काही शंका असेल, विरोध असेल तर आत्ता बोला. मला राग येणार नाही.” 

मांडवात चिडीचूप. रोज संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर फुटबॉलवरून एकमेकांची गचांडी धरणारे हे लोक, पण एकाच्या तोंडून ब्र निघेना. साहेबांनी पुन्हा विचारलं. सगळ्यांनी दूधवाल्याकडं पाहिलं. तो उठला, हात जोडले आणि त्या दणदणीत आवाजात म्हणाला, “सायब, आमच्या दारात आलासा, आमचं भाग्य. तुमी म्हणशीला तसं.”

टाळ्या झाल्या, हलगी वाजली.

पंगत उठल्यावर तो हात धूत होता तिथं मी त्याला गाठलं. “हे काय बोललात तुम्ही?”

त्यालाच माझं नवल वाटलं. “आवो बाई, ते मांडवातलं बोलणं. फेटा बांधलेल्या पावण्याला चार लोकांत न्हाय म्हणायचं असतंय व्हय? पोचवायला जातो की आता. कोपऱ्यावर सगळं सांगतो. दोन वाक्यं हायती, पाठ केल्याती मी.”

तेवढ्यात साहेब निघाले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलंच होतं. साहेब मांडवातून थेट जीपमध्ये बसले. दूधवाला पंच्याला हात पुसत धावला. जीप हळूहळू मागं मागं कोपऱ्याकडं निघाली आणि तो तिच्या कडेनं चालू लागला, एक हात जीपच्या पत्र्यावर ठेवून. काहीतरी बोलत होता. हलगीवाले अजून थांबले नव्हते, पोरं ओरडत होती, इंजिनची घरघर होती. साहेब त्याच्याकडं बघून हसत होते, मान हलवत होते, हात उंचावत होते. कोपऱ्यावर जीप वळली आणि निघून गेली. पूर्वी जिथं टांगा उभा राहायचा तिथं हा एवढा मोठा माणूस एकटा उभा राहिला. हात अजून तसाच, पत्र्यावर ठेवल्यासारखा.

मुलगी माझ्या शेजारी आली. “बाई, आबा बोललं का?”

“बोलत होते,” मी म्हटलं. त्यापलीकडं मला तरी काय ठाऊक होतं?

हुकूम आला तो अर्थातच वर्ग हलवण्याचा. पालकांनी सभेत उत्साहानं पाठिंबा दिला, असं त्यात म्हटलं होतं. त्यात खोटं काय होतं? हलगी लावून दिला होता.

मी हिय्या करून साहेबांच्या कचेरीत गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्या मांडवात एकाही माणसाच्या मनात होकार नव्हता, असं मी त्यांना सांगितलं.

“मग ते बोलले का नाहीत? मी पुन्हा पुन्हा विचारलं.”

“पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, साहेब. सत्कार केला, जेवू घातलं, ते त्याचसाठी होतं. शाळा राहू द्या म्हणूनच.”

साहेबांचा चेहरा बदलला. “म्हणजे मला जेवण घालून निर्णय फिरवायचा होता? बाई, त्याला काय म्हणतात ठाऊक आहे ना तुम्हांला? हे ठाऊक असतं तर मी तिथं पाणीसुद्धा प्यायलो नसतो.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. सरळ करायला गेले आणि त्या भोळ्या लोकांवर नसतं किटाळ आणून बसले. साहेबांना ते जाणवलं असावं. ते मऊ आवाजात म्हणाले, “लोकांना अजूनही लेखी अर्ज देऊ द्या. मी जरूर विचार करीन.”

मी परत दूधवाल्याकडं आले. अर्ज मी लिहीन, तुम्ही फक्त सही करा, असं मी म्हटलं. त्यानं हातातली बादली खाली ठेवली.

“बाई, मी माझ्या हातानं त्यास्नी फेटा बांधला. आमच्यात जेवून गेल्यात ते. त्यांच्याइरुद्ध कागद करू? पेठेत कुणी करायचं न्हाय. आन् का करायचा? त्यास्नी सगळं कळलंय. जीपसंगं चालताना सांगितलं मी. मान हलवली त्यांनी. मग असं का केलं, तेवढं मला सांगा तुमी.”

कचेरीत लिहिल्याशिवाय ऐकू येत नव्हतं आणि पेठेत लिहिणं म्हणजे बेइमानी होती. मी दोन्हीकडं हेलपाटे घालत होते आणि माझं बोलणं दोन्हीकडं वाया जात होतं. इतकी हतबल मी आयुष्यात फार थोड्या वेळा झाले आहे. मोठ्या बाईंकडं गेले तर त्या म्हणाल्या, “अगं, वरनं आलंय. आपण कोण?” शेवटी मी माझ्याच नावानं खात्याला लिहिलं. फार दिवसांनी उत्तर आलं की नोंद घेण्यात आली आहे.

त्या पोरींना मी रोज स्वतः नेईन-आणीन, असंही माझ्या मनात होतं. ते कुणाला बोलून दाखवायच्या आतच माझी बदली हातकणंगल्याला झाली. सकाळची गाडी गाठायला मी स्टेशनवर जायची ती त्याच वाटेनं, आणि बरोबर कुणी नसायचं.

वर्ग हलवले त्या दिवशी मी निरोप घ्यायला शाळेत गेले होते. बैलगाडी कोपऱ्यावर उभी होती, कारण म्हशी बोळात परत आल्या होत्या. बाकडी उचलायला माणसं कमी पडत होती. ती मुलगी आली, पदर खोचल्यासारखा परकराचा काठ खोचला आणि बाकडी उचलू लागली. अंगात ताकद होती तिच्या. सातवीचा फळा तिनं आणि गाडीवानानं मिळून कोपऱ्यापर्यंत नेला आणि गाडीत चढवला. मग हात झटकून ती मला म्हणाली, “बाई, जाते. धारंची येळ झाली.”

नोकरदारांच्या काही मुली नव्या शाळेत गेल्या. दूधवाल्यांची एकही गेली नाही.

पुढं काही वर्षांनी साहेबांना बढती मिळाली आणि ते मुंबईला निघाले. निरोपसमारंभाला जिल्ह्यातल्या शिक्षकांना बोलावलं होतं, तशी मीही गेले. साहेब भाषणात म्हणाले, “बदल करताना लोकांना विश्वासात घ्यावं लागतं, हे मी कोल्हापुरात शिकलो. शिवाजी पेठेतल्या लोकांनी मला फेटा बांधून माझ्या योजनेचं स्वागत केलं. तो फेटा मी जपून ठेवला आहे. पुढं जिथं जिथं विरोध झाला तिथं मी त्या पेठेचं उदाहरण दिलं.”

टाळ्या वाजल्या. माझे हात मांडीवरून उठले नाहीत.

जीप सामान घेऊन पुढं गेली होती, म्हणून साहेब चालत निघाले. मी उठले आणि त्यांच्याबरोबर चालू लागले. बायका पोचवायला जात नाहीत, हे माहीत असून गेले. वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं. या वेळी नीट सांगितलं, म्हशी, टांगा, कोपरा, सगळं. साहेब रस्त्यातच थांबले.

“तो जीपबरोबर चालणारा माणूस...”

“तुम्हांला नाही म्हणायला चालत होता, साहेब.”

“मला वाटलं, निरोप देतोय. काही ऐकू येत नव्हतं. मी मान हलवत राहिलो.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “फार वाईट झालं, बाई. पण आता माझ्या हातात काही नाही. उद्यापासून हे खातंच माझ्याकडं नाही.” 

कोपरा आला होता. त्यांनी मला नमस्कार केला, मी त्यांना केला.

ते नागपंचमीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला कट्ट्यावर गेले तर मापाशी तीच दूधवाल्याची मुलगी बसलेली. तिला गडमुडशिंगीला दिली होती, सणाला माहेरी आली होती. शेजारी धाकटी बहीण, वेणीला गवताची काडी. ती चौथीत होती. खालचे वर्ग अजून आमच्या जुन्या शाळेत भरत होते, पण पुढच्या जूनला तिची शाळा संपणार होती.

साहेब भेटले होते आणि आबांचं म्हणणं मी काल त्यांना सांगितलं, असं मी सहज बोलून गेले. तिचं माप हवेतच थांबलं.

“कुटं सांगितलासा बाई? हापिसात?”

“नाही. पोचवायला गेले होते. कोपऱ्यावर.”

तिचा चेहरा एकदम उजळला. “आन् काय म्हणालं सायब?”

“वाईट वाटलं म्हणाले.”

“मग झालं की वं!” ती म्हणाली. माझ्या भांड्यात तिनं माप ओतलं, वर आणखी अर्धं ओतलं, आणि धाकटीकडं वळून बापाच्या आवाजात ओरडली, “ए, ठेव ती बादली. जा, वाचाय बस. शाळा येतीया परत.”

धाकटी बादली टाकून घरात पळाली. मी भांड्यावर झाकण ठेवलं आणि तशीच उभी राहिले. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती.